दहा लिटर पाणी आणि गप्प बसलेली आतडी: पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरचे दहा दिवस

रुग्ण पुरुष, वय ६२, वजन ६८ किलो. मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ. पोट उघडून तो भाग काढला आणि लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला स्टेपलरने जोडलं. १८ सेंटीमीटरचा उभा छेद, तीन तासांची शस्त्रक्रिया, रक्तस्राव ३५० मिली. सिगारेट सहा आठवड्यांपूर्वी सोडलेली, मधुमेह नाही, हृदयाची तक्रार नाही. कागदावर पाहिलं तर हा सहाव्या दिवशी घरी जाणारा रुग्ण होता. गेला दहाव्या दिवशी. हे प्रकरण कुणा एका माणसाचं नाही. वॉर्डात वरचेवर दिसणाऱ्या गोष्टी एका रुग्णावर रचल्या आहेत आणि आकडेही त्याच हिशेबाने घेतले आहेत.

मधले चार दिवस गेले ते आतडी सुस्त पडल्यामुळे. पोट उघडल्यावर आतडी काही काळ थांबतात, हे ठरलेलंच. लहान आतडं काही तासांत पुन्हा हलू लागतं, जठराला एक-दोन दिवस लागतात, मोठ्या आतड्याला दोन ते तीन. उजव्या बाजूच्या शस्त्रक्रियेनंतर हा काळ डाव्या बाजूपेक्षा थोडा लांबतो, असाही अनुभव आहे. त्यामुळे तिसऱ्या दिवशी रात्री उलटी झाली तेव्हा ‘होतं असं कधीकधी’ म्हणून विषय संपवणं सोपं होतं. पण तक्ते मागे चाळले तर त्या उलटीची तयारी पहिल्या दोन रात्रींतच झालेली दिसते.

पहिली रात्र

भूलतज्ज्ञांनी पाठीत एपिड्युरल नळी, म्हणजे मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर वेदनाशामक सोडणारी बारीक नळी, घातली होती. छातीच्या नवव्या-दहाव्या मणक्यांच्या पातळीवर, त्यातून ०.१ टक्के ब्युपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आणि सोबत थोडं फेंटानिल हे अफूवर्गीय वेदनाशामक, ताशी ८ मिली. अशी नळी नीट बसली तर रुग्ण पोट धरून का होईना, पण खोकू शकतो. इथे ती डाव्या बाजूलाच काम करत होती. उजव्या बाजूला छेदाच्या खालच्या भागात दुखत होतं. रुग्ण पडून राहिला की दुखणं १० पैकी २, म्हणून तक्त्यावर ‘२’ लिहिलं गेलं. खोकायला सांगितलं असतं तर आकडा ७ आला असता. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्याचा आकडा विचारायचा तो खोकताना आणि कुशीवर वळताना. पडल्या पडल्या मिळालेला आकडा फार तर झोप लागेल की नाही तेवढंच सांगतो.

बर्फाचा तुकडा किंवा स्पिरिटचा बोळा दोन्ही बाजूंना वरून खाली टेकवत गेलं, की गार कुठे लागत नाही ते दोन मिनिटांत कळतं. ही चाचणी डाव्या बाजूला झाली, उजवीकडे राहिली. रात्रपाळीत रुग्ण कण्हू लागला तेव्हा शिरेतून ट्रामाडॉल १०० मिलिग्रॅम दिलं, आणि पहाटेपर्यंत पुन्हा दोनदा. ट्रामाडॉलने मळमळ होते, म्हणून दर वेळी सोबत ऑनडॅनसेट्रॉन. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधं आतड्याची हालचाल मंदावतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. ऑनडॅनसेट्रॉननेही बद्धकोष्ठ होतो, हे मात्र सहज विसरलं जातं. एका बाजूची नळी एक सेंटीमीटर मागे ओढायची होती. त्याऐवजी आतड्यांवर दुहेरी ब्रेक लागला. सकाळी भूलतज्ज्ञांनी नळी तेवढी मागे घेतली, औषधाची एक मात्रा दिली, आणि वीस मिनिटांत उजवी बाजूही शांत झाली.

त्याच रात्री रक्तदाब ८८/५० पर्यंत उतरला. नाडी ७६, हातपाय गरम, लघवी ताशी ४० मिली, ड्रेनमध्ये (पोटातला स्राव बाहेर आणणाऱ्या नळीत) जेमतेम ६० मिली पातळ गुलाबी पाणी. हे चित्र रक्त कमी पडल्याचं नाही. एपिड्युरलने रक्तवाहिन्या सैलावतात, म्हणून दाब उतरतो. अशा वेळी पायाकडची बाजू जराशी उचलायची, नळीचा वेग तपासायचा, आणि दाब टिकतच नसेल तर वाहिन्या आवळणारं औषध अल्प मात्रेत द्यायचं. इथे ५०० मिली सलाईन लावलं. दाब तासभर ९८ वर राहिला, पुन्हा उतरला. पुन्हा ५००. दोन दिवसांत असं चार वेळा झालं. मात्र नाडी ११० असती, हात गार असते किंवा ड्रेन लाल भरत असता, तर तेच सलाईन योग्य ठरलं असतं आणि शल्यविशारदाला रात्रीच बोलवावं लागलं असतं. रक्तदाबाचा आकडा दोन्हीकडे सारखाच असतो. फरक बाकीच्या तीन गोष्टी सांगतात.

हिशेब कुणी केला नाही

शस्त्रक्रियेत शिरेतून दिलेलं आरएल (रिंगर्स लॅक्टेट हे क्षारांचं द्रावण) २,४०० मिली. त्यानंतर चाळीस तास ताशी १०० मिली नॉर्मल सलाईन, म्हणजे ४,००० मिली. दाबासाठी चार वेळा मिळून २,००० मिली. शिरेतून पॅरासिटामॉलच्या १०० मिलीच्या सात बाटल्या, म्हणजे ७०० मिली. हे औषध म्हणून लिहिलं जातं, पाणी म्हणून मोजलं जात नाही. तोंडाने ९००. बेरीज बरोबर १०,००० मिली. या दहा लिटरच्या नोंदी चार वेगवेगळ्या कागदांवर होत्या: भूलतज्ज्ञांचा तक्ता, वॉर्डाचा तक्ता, औषधांचा कागद आणि सिस्टरांची पाण्याची नोंद. चारही कागद नीट भरलेले होते, पण ते कुणी एकत्र ठेवून पाहिले नव्हते.

लिटरभर नॉर्मल सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं. या रुग्णाच्या शिरेत दोन दिवसांच्या आत सहा लिटर सलाईनमधून ५४ ग्रॅम मीठ गेलं. शस्त्रक्रियेच्या ताणामुळे मूत्रपिंडं या दिवसांत मीठ-पाणी धरून ठेवतात, त्यामुळे जास्तीचं पाणी बाहेर न पडता ऊतींत साठतं. घोट्यावर सूज दिसायच्या आधी ते आतड्याच्या भिंतीत शिरतं. सुजलेली भिंत नीट आकुंचन पावत नाही आणि नवा जोडही पाणथळ होतो. खाणंपिणं बंद असलेल्या माणसाला दिवसाला किलोमागे २५ ते ३० मिली पाणी पुरतं. ६८ किलोला साधारण दोन लिटर. आणि हा तर पीत होता! पिणाऱ्या रुग्णाचं चालू सलाईन पहिल्या दिवशी सकाळीच बंद करता आलं असतं.

हे सगळं एका वजनकाट्यावर कळलं असतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर, तशाच कपड्यांत वजन करायचं. पहिले दोन दिवस ‘रुग्ण उभा राहू शकत नाही’ म्हणून ते राहिलं, जरी तो खुर्चीत बसत होता आणि खुर्चीचा काटा मजल्यावरच होता. तिसऱ्या दिवशी वजन भरलं ७२.१ किलो. ४.१ किलोची वाढ, आणि त्यात चरबीचा एक ग्रॅमही नव्हता.

फुप्फुसं आणि पाय

ही बाजू बरी सांभाळली गेली, म्हणून थोडक्यात. पोटाला उभा छेद असला की श्वासपटल नीट खाली जात नाही, फुप्फुसांचे तळ मिटतात आणि तिथे कफ साचतो. तीन गोळ्यांचं श्वासाचं यंत्र दिलं होतं. बहुतेक रुग्ण त्यात फुंकतात, हाही फुंकत होता. त्यात हवा ओढायची असते: सावकाश, गोळ्या वर धरून तीन सेकंद, मग सोडायची. जागेपणी दर तासाला दहा वेळा. शेवटी उशी पोटाशी घट्ट धरून दोन दमदार खोकले. उठताना सरळ बसायचं नाही; गुडघे वाकवून कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी कोपराने रेटा देऊन उठायचं. छेदावरचा ताण यात निम्म्याहून कमी वाटतो.

एपिड्युरल चालू असताना पहिल्यांदा उभं करण्याआधी दोन गोष्टी पाहायच्या: पडल्या पडल्या गुडघा वाकवून टाच उचलता येते का, आणि बसवल्यावर रक्तदाब किती उतरतो. पहिल्या दिवशी दोन तास खुर्ची, दुसऱ्या दिवशी लघवीची नळी काढून वॉर्डात तीन फेऱ्या. ‘माणूस चालला की आतडी चालतात’ असं वॉर्डात म्हणतात. त्याला फारसा पुरावा नाही. चालण्याचा फायदा फुप्फुसांना आणि पायांतल्या शिरांना होतो, आणि तेवढ्यासाठीही चालायलाच हवं. रक्ताच्या गाठी टाळायला एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम रोज रात्री आठला चालू होतं. एपिड्युरल नळी काढायची ती या इंजेक्शननंतर किमान १२ तासांनी, आणि पुढची मात्रा नळी काढल्यावर किमान चार तासांनी. हे अंतर चुकलं तर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडू शकतात. तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला नळी काढली, रात्री आठला इंजेक्शन दिलं. वेळ बरोबर पाळली गेली.

तिसरा दिवस: उचक्या

सकाळच्या राऊंडला विचारलं, “काका, गॅस पास झाला का?” तो म्हणाला, “नाही.” पोटाला स्टेथोस्कोप लावला, गुडगुड ऐकू आली, ‘आवाज आहेत’ असं लिहिलं, मऊ जेवण सुरू ठेवलं. आतड्यांच्या आवाजावर किती भरवसा ठेवायचा? आमच्या मते जवळजवळ नाही. फुगलेल्या, थांबलेल्या आतड्यातही आवाज येतात आणि चालू आतडंही मिनिटभर गप्प असू शकतं. विचारायला हवं होतं ते वेगळंच: घोटभर पाणी प्यायल्यावर वर येतं का? ढेकर आंबट आहे का? काल जेवढं खाल्लंत तेवढं आज जातंय का?

त्याला सकाळपासून उचक्या लागत होत्या. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण त्यावर थट्टा करत होता, आणि नोंद कुणीच केली नाही. जठर भरून श्वासपटलाला टेकलं की उचकी लागते. शस्त्रक्रियेनंतर तीन-चार दिवसांत उचक्या थांबत नसतील, तर तोंडाने देणं थांबवून पोट पुन्हा तपासायचं, उचकीची गोळी शोधत बसायचं नाही. दुपारी त्याने अर्धं ताट परत केलं. संध्याकाळी पोट तडस लागल्यासारखं ताणलं. रात्री अकराला ५०० मिली हिरवी उलटी झाली, तीही पाठीवर पडलेला असताना. ऑक्सिजनचं प्रमाण ९५ वरून ९० वर आलं.

खाटेची डोक्याकडची बाजू ४५ अंश उचलली, ऑक्सिजन लावला आणि १६ नंबरची रायल्स ट्यूब नाकातून जठरापर्यंत घातली. लगेच १,४०० मिली हिरवट पाणी बाहेर आलं. म्हणजे उलटीतून बाहेर पडलं त्याच्या जवळपास तिप्पट अजून आतच होतं. अशा वेळी खरा धोका पोटाचा नसतो, हे पाणी श्वासनलिकेत जाण्याचा असतो. म्हणून पोट ताणलेल्या आणि मळमळणाऱ्या रुग्णाला उलटीची वाट न पाहता नळी घालावी. सरसकट सगळ्यांना आधीपासून नळी ठेवण्याची जुनी पद्धत मात्र गेली, आणि ते चांगलंच झालं. तिने खोकला दबतो आणि न्यूमोनिया वाढतो.

नळी घातल्यावरची एक चूक इथेही झाली. पहाटे रुग्णाला शौचालयात नेताना नळीला बूच लावलं आणि परतल्यावर ते काढायचं राहिलं. तीन तासांनी पुन्हा मळमळ. पोट रिकामं ठेवायला घातलेली नळी सतत खाली पिशवीत वाहती हवी, आणि दर चार तासांनी सिरिंजने ओढून पाहायला हवी, कारण तिची छिद्रं जठराच्या भिंतीला चिकटतात. पिशवी कोरडी आहे म्हणजे पोट रिकामं आहे, असं धरून चालत नाही.

जोड गळतोय का?

मध्यरात्री सगळ्यांच्या मनात हाच प्रश्न होता. जोड गळतो तो बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास, पण लवकरही गळू शकतो, आणि सुरुवातीला तो अगदी असाच दिसतो: पोट फुगलेलं, नाडी वाढलेली, आतडी थांबलेली. गळतीमुळेही आतडी सुस्त पडतात. त्यामुळे ‘आतडी सुस्त पडली’ हे निदान गळती वगळल्याशिवाय लिहायचं नसतं.

नाडी उलटीनंतर १०८, दोन तासांनी ९४. ताप ३७.६. पोट ताणलेलं, पण दाबल्यावर मऊ. लॅक्टेट (ऊतींना रक्त कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक) १.४. सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्तचाचणी) १६८. शस्त्रक्रियेनंतर सीआरपी वाढतोच, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतो आणि मग उतरू लागतो. म्हणून एकट्या आकड्यापेक्षा उतार महत्त्वाचा. चौथ्या दिवशी तो १३१ आला. चौथ्या-पाचव्या दिवशी १५० च्या आत आणि उतरता सीआरपी असला तर गळतीची शक्यता बरीच कमी होते, शून्य होत नाही.

वरिष्ठांनी त्या सकाळी एक चांगलं काम केलं. ‘लक्ष ठेवा’ असं मोघम न लिहिता चार अटी लिहिल्या: नाडी ११० च्या वर, ताप ३८ च्या वर, सीआरपी पुन्हा चढला, किंवा नवं दुखणं. यातलं एकही दिसलं तर सीटी स्कॅन, रात्र असो वा दिवस.

पाचव्या दिवशी पहाटे चारला नाडी ११८ झाली, आणि अनियमित. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर. अट लागू झाली होती, त्यामुळे ‘सकाळपर्यंत थांबू’ हा पर्यायच उरला नाही. हृदयाचा पूर्वेतिहास नसलेल्या माणसात आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर अशी नाडी नव्याने आली, तर पोटात काही शिजतंय का ते पाहायचंच. पुष्कळदा गळतीची पहिली खूण हृदयातच दिसते. नळीतून कॉन्ट्रास्ट (स्कॅनमध्ये उठून दिसणारं द्रव) देऊन स्कॅन केला: आतडं सर्वत्र सारखंच फुगलेलं, कुठेही अडथळ्याचं टोक नाही, जोडाबाहेर हवा किंवा कॉन्ट्रास्ट नाही. दोन्ही फुप्फुसांचे तळ थोडे मिटलेले. त्या दिवशीचा सीआरपी ८४. सुरुवातीच्या स्कॅनमध्ये गळती कधीकधी निसटते, म्हणून चारही अटी पुढचे दोन दिवस तशाच ठेवल्या.

मग नाडी बिघडली कशाने? रक्तात पोटॅशियम ३.०, मॅग्नेशियम १.४. हे आकडे चौथ्या दिवशीच आले होते आणि पोटॅशियम थोडं दिलंही होतं, पण ते ३.४ च्या पुढे सरकेना. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंडं पोटॅशियम लघवीवाटे सोडत राहतात; आधी भोक बुजवल्याशिवाय टाकी भरत नाही. दोन्ही कमी असले की आतड्याचे स्नायू मंदावतात आणि हृदयाची लय बिघडते. वर ऑनडॅनसेट्रॉन चालूच होतं, जे ईसीजीतलं क्यूटी अंतर वाढवतं, आणि ते वाढलं की लय बिघडण्याचा धोका वाढतो. ते थांबवलं. मॅग्नेशियम सल्फेट २ ग्रॅम वीस मिनिटांत, आणि पोटॅशियम ताशी १० मिलिमोल या वेगाने: ५०० मिलीत २० मिलिमोल, दोन तासांत. हाताच्या शिरेतून यापेक्षा घाई केली तर शीर जळते, आणि जास्तच घाई केली तर हृदय थांबू शकतं. नळीतून जेवढं बाहेर पडेल तेवढंच, पोटॅशियम घातलेलं पाणी परत द्यायचं आणि वरचं रोजचं पाणी दोन लिटरच्या आत ठेवायचं, असं ठरलं. संध्याकाळी सातला पोटॅशियम ४.२ आणि नाडी आपोआप नियमित, ८२.

सुटका

चौथ्या दिवसापासून ट्रामाडॉल बंद होतं; पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही. एपिड्युरल निघाल्यावर तेवढं पुरलं. मूत्रपिंडं आणि नवा जोड या दोन्हींसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक औषधं टाळली. जास्तीचं पाणी उतरवायला वेगळं औषध लागलं नाही. सलाईन आवरताच पाचव्या दिवशी लघवी ३,१०० मिली झाली, सहाव्या दिवशी २,८००, आणि वजन ६८.९ वर आलं.

सहाव्या दिवशी दुपारी वारा सरला. नळीतलं पाणी १,१०० वरून ३०० मिलीवर आलं होतं. लगेच नळी उपटली नाही: चार तास बंद ठेवली, मग ओढून पाहिलं, १२० मिली निघालं, मळमळ नव्हती, तेव्हा काढली. रात्री घोट घोट पाणी, सातव्या दिवशी पातळ, आठव्या दिवशी मऊ जेवण, थोडं थोडं करून सहा वेळा. सातव्या दिवसापर्यंत तोंडाने काही जाईना झालं असतं तर शिरेतून पोषण सुरू करायचं, हे आधीच ठरलेलं होतं. वेळ आली नाही.

पहिली शौचाची वेळ घाबरवणारी होती: पातळ आणि काळपट. काळपटपणा जोडावरच्या जुन्या थोड्या रक्ताचा. नाडी आणि हिमोग्लोबिन स्थिर असेल तर चिंता नाही. पातळपणाचं कारण वेगळं. उजव्या भागाबरोबर दोन्ही आतड्यांमधली झडपही जाते, आणि पित्तक्षार मोठ्या आतड्यात जास्त पोचतात. काही आठवडे दिवसाला तीन-चार वेळा जावं लागणं चालतं. याची कल्पना आधी दिली नाही तर रुग्ण घाबरून जेवण कमी करतो.

डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात जी पद्धत मांडली तिच्यात लवकर खाणं, लवकर चालणं, अफूवर्गीय औषधं कमीत कमी वापरून वेदनाशमन आणि मोजकं पाणी हे सगळं एकत्र येतं. या रुग्णाच्या कागदावरही तिचा शिक्का होता. खाणं आणि चालणं पाळलं गेलं, कारण ते डोळ्यांना दिसतं. पाणी आणि वेदनाशमन हे रात्री घडतं, आणि तिथेच गाडी घसरली. थांबलेल्या आतड्यात वेळापत्रकाप्रमाणे मऊ जेवण ढकललं तर उलटीला मालच मिळतो.

दहाव्या दिवशी वजन ६६.८. जखम कोरडी. पाचव्या ते आठव्या दिवसांत पट्टीवर अचानक भरपूर गुलाबी पाणी आलं तर आतले टाके सुटल्याची शक्यता असते, म्हणून रोज पाहिलं. तसं काही नव्हतं. स्टेपल बाराव्या दिवशी काढायचे. सहा आठवडे पाच किलोहून जड उचलायचं नाही. ताप, वाढतं दुखणं, पुन्हा उलट्या किंवा एका पोटरीला सूज आली तर त्याच दिवशी परत यायचं. गाठीचं ऑपरेशन असल्यामुळे एनॉक्सापॅरिन एकूण २८ दिवस, म्हणजे घरी अजून १८ सिरिंज. ती पोटाच्या कातडीतच टोचायची, छेदापासून आणि बेंबीपासून पाच सेंटीमीटर दूर, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे, चिमटीत धरलेली कातडी सुई निघेपर्यंत सोडायची नाही, आणि भरलेल्या सिरिंजमधला हवेचा बुडबुडा टोचण्याआधी बाहेर काढायचा नाही, कारण त्याच्याबरोबर औषधही जातं.